कुत्र्याला घेऊन ब्रिटनहून युरोपात: परतीच्या दिवसापासून उलट मोजत जा

लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमधल्या बऱ्याच मराठी घरांत पिल्लं आली. ती आता चांगली थोराड झाली आहेत आणि दर उन्हाळ्यात तोच प्रश्न पुढे येतो: आपण फ्रान्स-इटली फिरायला जाणार, मग हा कुठे राहणार? केनेलचं दोन आठवड्यांचं बिल बघितलं की ‘घेऊनच जाऊ या’ असं ठरतं. घेऊन जाता येतं, आणि मजाही येते. फक्त या ट्रिपची आखणी उलटी करावी लागते. आपण एरवी निघायचा दिवस पक्का करतो आणि परतीचं बघू म्हणतो. कुत्रा बरोबर असेल तर परतीचा दिवस आणि वेळ आधी ठरवायची. सगळ्यात कडक तपासणी ब्रिटनमध्ये परत शिरताना होते, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

हा लेख इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये राहून स्वतःच्या गाडीने युरोपात जाणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांचं काय, ते शेवटाकडे येईल.

आधी व्हिसा, मग तिकीट, मग व्हेट

भारतीय पासपोर्ट असेल तर या क्रमाला फार महत्त्व आहे. कुत्र्याच्या तब्येतीचा दाखला (त्याबद्दल पुढे सविस्तर) युरोपात शिरण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलाच लागतो. शेंगेन व्हिसा हातात नसताना व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जाऊन दाखला काढलात आणि व्हिसा दोन आठवडे लांबला, तर दाखल्याचे पैसे पाण्यात. घरातल्या एकाचा व्हिसा आलाय आणि दुसऱ्याचा अडकलाय असं असेल, तर प्रत्यक्षात कुत्र्याला नेणाऱ्याचंच नाव कागदावर घालून घ्या. मालकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्या कुणाला कुत्रा नेता येतो, पण मग मालकाचा प्रवास त्याच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत व्हायला हवा.

चिप आणि रेबीजची लस

ब्रिटनमध्ये कुत्र्याला मायक्रोचिप २०१६ पासून सक्तीची आहे, त्यामुळे चिप असतेच. तरी व्हेटकडे गेलात की ती वाचून घ्या. खांद्यांमध्ये बसवलेली चिप कधी कधी सरकून पुढच्या पायाकडे जाते. परतताना फ्रान्समधल्या कॅलेच्या तपासणी काउंटरवर ती सापडत नसल्याचं कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

रेबीजची लस मात्र ब्रिटनमध्ये नेहमीच्या वार्षिक लसींत नसते, कारण इथल्या कुत्र्यांत रेबीज नाही. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की पहिली लस रेबीजची, त्यामुळे अनेकांचा समज असतो की ती दिलेलीच असणार. कार्ड उघडून बघा. लस द्यायला पिल्लू कमीत कमी बारा आठवड्यांचं हवं, आणि चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसवलेली हवी. आधी लस आणि नंतर चिप असं झालं असेल तर ती लस कागदोपत्री धरत नाहीत. पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, आणि त्यात लसीचा दिवस मोजत नाहीत. बूस्टरची तारीख एक दिवस जरी उलटली तरी पुढची लस पुन्हा ‘पहिली’ ठरते आणि २१ दिवस नव्याने सुरू होतात. म्हणून बूस्टर ट्रिपच्या बराच आधी उरकून टाका.

दाखला: अॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये काढलेला जुना पेट पासपोर्ट युरोपीय संघात चालत नाही. त्याच्या जागी हे सर्टिफिकेट, बोलीभाषेत एएचसी, आलं. प्रत्येक ट्रिपला नवं काढायचं. एका दाखल्यावर पाचपर्यंत प्राणी बसतात, त्यामुळे दोन कुत्री असली तरी एकच दाखला पुरतो. युरोपात शिरल्यावर निदान चार महिने त्यावर देशोदेशी फिरता येतं आणि परतही येता येतं. अर्थात रेबीजची मुदत तोवर संपता कामा नये.

दाखला कुठलाही व्हेट देऊ शकत नाही. त्याला सरकारमान्य ‘ऑफिशियल व्हेट’ असावं लागतं. तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात असा एखादाच असतो आणि जुलैमध्ये त्याची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी फोन करून वेळ धरा. खर्च साधारण शंभर पौंडांपासून सुरू होतो आणि दोनशेच्या वरही जातो. काही दवाखाने फक्त हेच काम करतात आणि त्यांचा दर बराच कमी असतो. तास-दीड तास गाडी हाकून तिथे जाणं परवडतं.

कागद दोन भाषांत असतो: इंग्रजी आणि तुम्ही पहिल्यांदा ज्या देशात उतरणार तिथली भाषा. कॅलेवरून जाणार असाल तर फ्रेंच, हूक ऑफ हॉलंडला उतरणार असाल तर डच. नंतर इटलीला जाणार म्हणून इटालियन लागत नाही. व्हेटसमोर बसूनच पानं उलटून बघा: पंधरा अंकी चिप क्रमांक लसीच्या कार्डावरच्या क्रमांकाशी जुळतो का, लसीची तारीख बरोबर आहे का, शिक्का-सही जिथे हवी तिथे आहे का, तुमची स्वतःची सही राहिली नाही ना. थोडं आगाऊपणाचं वाटतं, पण व्हेटला यात गैर वाटत नाही.

फेसबुकच्या ग्रुपांवर एक युक्ती फिरते की फ्रान्समधल्या व्हेटकडून युरोपीय पासपोर्ट काढून घ्यायचा म्हणजे दर वेळचा दाखल्याचा खर्च वाचतो. तो पासपोर्ट युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी आहे, त्याच्या भरवशावर निघू नका. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने पेट पासपोर्ट परत आणण्याचं जाहीर केलं, पण ते सुरू झाल्याचं सरकारी संकेतस्थळावर स्पष्ट दिसेपर्यंत एएचसी काढावंच लागेल. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी ते पान एकदा वाचा.

समुद्र कसा ओलांडायचा

कुत्र्याच्या सोयीचं बघायचं तर फोकस्टन ते कॅले बोगद्यातून जाणारी ल शटल सगळ्यात बरी. गाडी आगगाडीत चढते, ३५ मिनिटं लागतात आणि कुत्रा गाडीतच तुमच्या शेजारी असतो. युरोस्टारच्या प्रवासी गाडीत मात्र सहाय्यक कुत्रे सोडून कुणाला घेत नाहीत. ही दोन नावं एकमेकांत मिसळून तिकीट काढून बसलेले लोक दर वर्षी भेटतात. डोव्हर-कॅले फेरी दीड तासाची असते, पण तिथे कुत्रा खाली गाडीत एकटा राहतो. इंजिनांची घरघर आणि बंद डेक बऱ्याच कुत्र्यांना सोसत नाही. काही कंपन्यांनी वर कुत्र्यांसाठी वेगळा लाउंज केला आहे, तिकीट काढतानाच ती जागा घ्या.

स्पेनला जायचं असेल तर पोर्ट्समथ किंवा प्लिमथहून सांतांदेरची लांबची फेरी आहे. हिच्यात कुत्र्यासह राहायच्या केबिन मिळतात, पण मोजक्याच, आणि उन्हाळ्यातल्या केबिन हिवाळ्यातच संपतात. हारिच ते हूक ऑफ हॉलंड या रात्रीच्या फेरीतही अशा केबिन आहेत. विमानाचा विचार सोडून द्या. ब्रिटनमध्ये परत येताना पाळीव कुत्र्याला केबिनमध्ये येऊ देत नाहीत, तो कार्गोने येतो, आणि दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी त्याला त्या पेटीत घालायचं काही कारण नाही.

जंताची गोळी आणि तासांचा हिशोब

आता मुख्य भानगड. मध्य युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये एक पट्टकृमी असतो, एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस नावाचा. माणसाच्या यकृतात शिरला तर जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये तो नाही आणि येऊ द्यायचा नाही, म्हणून अशा देशांतून परत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी व्हेटच्या हातून द्यावी लागते. घरून नेलेली गोळी आपणच चारली तर चालत नाही. गोळी ब्रिटनमध्ये पोचण्याच्या २४ तास आधी ते १२० तास आधी या मधल्या वेळात दिलेली हवी, आणि व्हेटने दाखल्यात औषधाचं नाव, तारीख, वेळ लिहून सही-शिक्का करायला हवा.

एक उदाहरण घेऊ. रविवारी दुपारी चारला ब्रिटनमध्ये पोचणार. १२० तास मागे गेलं की मंगळवारी दुपारचे चार, २४ तास मागे गेलं की शनिवारी दुपारचे चार. म्हणजे मंगळवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ एवढी फट. कागदावर ऐसपैस दिसते, पण फ्रान्समध्ये घड्याळ एक तास पुढे असतं, शनिवारी बरेच दवाखाने अर्धा दिवसच उघडे असतात आणि मधे सुट्टी आली तर कुलूप. मे महिन्यात तर १ तारीख, ८ तारीख आणि असेन्शनचा गुरुवार. जुलैत १४, ऑगस्टमध्ये १५. माझं मत: शुक्रवार सकाळ पकडा. ट्रेन चुकली आणि सोमवारी निघावं लागलं तरी गोळी मुदतीत राहते, आणि व्हेट काही लिहायला विसरला तर शुक्रवारी दुपारी परत जाऊन लिहून घेता येतं.

दवाखाना घरूनच शोधून ईमेलवर वेळ घ्या. कॅले, आमियां, ऱ्हांस, ब्रूज या पट्ट्यातल्या व्हेटना हे काम सवयीचं आहे. आत गेलात की ‘व्हर्मिफ्यूज, प्राझिक्वांटेल, आंग्लतेर’ (जंतनाशक, प्राझिक्वांटेल, इंग्लंड) एवढं बोललं तरी त्यांना कळतं. लिहून झाल्यावर तिथेच उभं राहून वाचा. वेळ लिहायची राहून जाणं ही नेहमीची चूक आहे. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमाने आहे ना, गोळीची वेळ आणि व्हेटच्या सहीची वेळ जुळते ना, बघा.

पाच दिवसांच्या आतली छोटी ट्रिप असेल तर गोळी निघण्याआधी इथल्याच व्हेटकडून देऊन घेता येते, फक्त १२० तासांच्या आत परतायचं. आणि हीच गोळी ब्रिटनहून थेट आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेला जातानाही लागते. आयर्लंड जवळचा वाटतो म्हणून लोक हे हमखास विसरतात.

कॅलेला ल शटलच्या आवारात चेक-इनच्या आधी ‘पेट रिसेप्शन’ची वेगळी इमारत आहे. कुत्र्याला घेऊन आत जायचं. काउंटरपलीकडची बाई स्कॅनर तुमच्याच हातात देते. तो कुत्र्याच्या मानेमागून खांद्यांवर हळूहळू फिरवायचा, टुंऽ वाजलं की परत द्यायचा. आमचा बंड्या लॅब्राडॉर, त्यामुळे तो समोर आलेल्या वस्तूला आधी चाटतो आणि मग स्थिर उभा राहतो. ती बाई आकडा दाखल्याशी ताडते, गोळीच्या पानावर बोट ठेवून तासांचा हिशोब करते आणि गाडीच्या काचेला लावायचा कागद देते. सगळं नीट असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर व्हेटकडे परत, आणि नव्या गोळीनंतर आणखी २४ तास फ्रान्समध्ये. म्हणून शटलच्या वेळेच्या निदान दोन तास आधी तिथे पोचा.

गोचीड, माश्या आणि अळ्या

कागदांपायी लोक हे विसरतात, आणि प्रत्यक्षात कुत्र्याला धोका याचाच असतो. भूमध्य समुद्राच्या पट्ट्यात, म्हणजे दक्षिण फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस इथे सँडफ्लाय चावून लेशमॅनिया होतो. आपल्याकडच्या काळ्या आजाराच्या कुळातलाच हा परजीवी. सँडफ्लाय मराठी माणसाला नवी नाही; १९६५ मध्ये नागपूर भागात सापडलेला चंडीपुरा विषाणूही तीच पसरवते. ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, म्हणून तिन्हीसांजेनंतर कुत्रा आत, बाहेर अंगणात झोपवायचा नाही. गोचिडांसाठी महिन्याला देतात ती गोळी इथे पुरत नाही, कारण ती किडा चावल्यानंतर काम करते. माशी बसूच नये यासाठी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा लागतो, आणि तो आठवडा-दोन आठवडे आधी गळ्यात हवा.

फ्रान्समधल्या गोचिडांतून बॅबेसिया हा रक्ताचा आजार होतो. ताप, सुस्ती, पांढुरक्या हिरड्या आणि कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच व्हेट गाठा. रोज रात्री कानांमागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघायचं. गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा आकडा पाच पैशांची वस्तू आहे, खिशात ठेवा. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात डासांतून हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारा जंत, पसरतो, त्याचं औषध आपल्या व्हेटकडून आधीच ठरवून घ्या.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी पाइनच्या झाडांखाली लक्ष ठेवावं. फांद्यांवर पांढरी कापसासारखी घरटी दिसली की समजा केसाळ अळ्या आहेत. त्या एकीमागे एक अशा रांगेत जमिनीवरून जातात आणि कुत्रा हमखास हुंगायला जातो. केसांच्या विषाने जीभ सुजते आणि तिचा तुकडा सडूही शकतो. तोंड पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, आणि सरळ व्हेट.

गाडीत आणि वाटेत

ब्रिटनच्या हायवे कोडप्रमाणे कुत्रा गाडीत बांधलेला किंवा पिंजऱ्यात हवा, आणि युरोपातही पोलीस तेच बघतात. ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅनमध्ये चालू प्रवासात कुत्रा ठेवू नका. दर दोन तासांनी थांबा. फ्रान्सच्या महामार्गांवर ‘एर’ म्हणून झाडीतल्या विश्रांतीच्या जागा असतात, पेट्रोल पंपापेक्षा त्या बऱ्या. बाहेर २२ अंश असलं तरी तासाभरात बंद गाडीत ४७ अंशांपर्यंत जातं, तेव्हा ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गाडीत ठेवणं बाद. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही.

खाण्याची एक मेख आहे. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दूध असलेली कुठलीच वस्तू नेता येत नाही, कुत्र्याचं खाणंसुद्धा. वैद्यकीय कारणासाठीचं खास खाणं सीलबंद पाकिटात दोन किलोपर्यंत चालतं. त्याचं नेहमीचं खाणं फ्रान्समध्ये मिळतं का ते बघून ठेवा, नाहीतर निघायच्या आधी हळूहळू मिसळून बदला. हाच नियम आपल्या डब्यालाही लागू आहे: तूप, पनीर, खव्याच्या वड्या घरीच ठेवायच्या. चिवडा-शंकरपाळ्यांपैकी शंकरपाळ्या दुधात भिजवलेल्या नसतील तर बिनघोर न्या. आणि कॅम्पवरच्या उरलेल्या उसळीवर कुत्र्याला ताव मारू देऊ नका, त्यात कांदा-लसूण असतो आणि दोन्ही त्याला बाधतात. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा.

कुठे चालतं, कुठे नाही

फ्रान्स कुत्र्यांच्या बाबतीत मोकळा आहे. रेस्टॉरंटमध्ये टेबलाखाली कुत्रा बसलेला सर्रास दिसतो आणि वेटर आधी त्याला पाणी आणून देतो, मग तुमच्याकडे बघतो. पण सुपरमार्केटमध्ये नाही, आणि उन्हाळ्यात बहुतेक पोहण्याच्या किनाऱ्यांवरही नाही. ‘शियां अँतेर्दी’ (कुत्र्यांना मनाई) ही पाटी ओळखायला शिका. मोठा फटका डोंगरात बसतो. व्हान्वाज, एक्राँ, मर्कांतूर आणि पिरेनीज या राष्ट्रीय उद्यानांच्या गाभ्यात कुत्र्याला साखळीला बांधूनही नेता येत नाही. सहाशे मैल गाडी चालवून पाटीपुढून परत फिरण्यापेक्षा प्रादेशिक उद्यानं निवडा, तिथे बहुतेक ठिकाणी साखळीला बांधून चालतं.

आल्प्स-पिरेनीजच्या कुरणांत मेंढ्या राखणारे पांढरे दांडगे कुत्रे असतात, त्यांना पातू म्हणतात. धनगरांच्या वाड्यावरून जाताना जसं आपण लांबून वळसा घालतो तसाच इथे घालायचा. आपल्या कुत्र्याला जवळ घ्या, पळू नका, काठी उगारू नका.

जातींचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि इथे चूक महागात पडते. ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली दिसणारा स्टॅफर्डशर बुल टेरियर जर्मनीच्या आयातबंदीच्या यादीत आहे. फ्रान्समध्ये वंशावळीचे कागद नसलेल्या पिटबुलसारख्या कुत्र्यांना प्रवेश नाही आणि रॉटवायलरला सार्वजनिक जागी मुसकं लागतं. इटलीत साखळी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि मुसकं जवळ बाळगावं लागतं. व्हिएन्नात ट्राम-मेट्रोत साखळी आणि मुसकं दोन्ही. जर्मनीच्या रेल्वेतही मोठ्या कुत्र्याला मुसकं. स्विस रेल्वेत खांद्यापर्यंत ३० सेंटीमीटरहून उंच कुत्र्याला सेकंड क्लासचं अर्धं तिकीट काढावं लागतं. तेव्हा कुत्रा कितीही गरीब असला तरी महिनाभर आधी घरात त्याला मुसक्याची सवय लावा, आत खाऊ ठेवून, रोज थोडा थोडा वेळ. व्हिएन्नाच्या फलाटावर पहिल्यांदा चढवायला गेलात तर तमाशा होतो.

भारतातून यायचं असेल तर

पुण्याहून भाऊ विचारतो, ‘आमच्या शेरूला घेऊन आम्ही पंधरा दिवस येऊ का?’ नको. युरोपीय संघ आणि ब्रिटन दोघांच्याही सवलतीच्या यादीत भारत नाही. रेबीजच्या लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून मान्य प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची पातळी दर मिलीलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक (आययू) किंवा वर आहे हे दाखवावं लागतं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. शिवाय भारतातून निघताना मुंबईसारख्या ठिकाणच्या अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचा निर्यात दाखला. कायमचं स्थलांतर असेल तर हे सगळं जरूर करा. सुट्टीसाठी शेरू आजीकडेच सुखी राहील. (आमच्या आईचं म्हणणं वेगळंच: ‘कुत्र्याला आल्प्स दाखवलात, मला अजून अष्टविनायक नाही.’)

परत आल्यावर

पहिल्याच दिवशी अंगभर गोचीड तपासा आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा. हार्टवर्मचं औषध ठरल्याप्रमाणे परतल्यावरही चालू ठेवायचं. लेशमॅनियाची लक्षणं महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात: डोळ्यांभोवती केस जाणं, वजन घटणं, नखं वेडीवाकडी वाढणं. असं काही दिसलं तर ‘हा कुत्रा अमुक साली स्पेनला गेला होता’ हे व्हेटला तुम्हीच सांगायला हवं, नाहीतर इथल्या व्हेटच्या डोक्यात ते चटकन येत नाही. विम्याचे दावे करायचे असतील तर फ्रेंच व्हेटच्या पावत्या फेकू नका. आणि लसीच्या कार्डावरची रेबीजची पुढची तारीख फोनमध्ये घाला, गजर महिनाभर आधीचा लावून.